स्टेपनीविना प्रवास

भिवंडी आणि चाक यांचे नाते फार जवळचे आहे. मुंबई-आग्रा महामार्ग या गावाला लागून जातो. माणकोली, राजनोली, अंजूरफाटा या नाक्यांवरून रात्रंदिवस मालमोटारी धावत असतात. यंत्रमागांसाठी सूत आत येते, विणलेले कापड बाहेर जाते; आणि गेल्या काही दशकांत भातशेतीच्या जागी उभ्या राहिलेल्या गोदामांतून साऱ्या देशाचा माल ये-जा करतो. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्गही २०२५ पासून याच तालुक्यातील आमणे येथे येऊन मिळतो. जिथे चाके एवढी, तिथे पंक्चरही तेवढीच. म्हणून या रस्त्यांच्या कडेने, जुना टायर उभा करून त्यावर पांढऱ्या रंगाने ‘पंक्चर’ एवढा एकच शब्द लिहिलेली दुकाने ठायी ठायी आढळतात. या दुकानांवरून आम्ही वर्षानुवर्षे गेलो. परंतु त्यांच्याकडे नीतीच्या दृष्टीने पाहावयास आम्हांला एका रात्रीने शिकवले. त्या रात्रीविषयी आम्ही आजवर काही लिहिले नव्हते.

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिन्यातील पावसाची रात्र होती. साडेनऊच्या सुमारास दूरध्वनी आला. अंबाडीच्या पुढे एका वाडीवर राखणीला राहणाऱ्या आमच्याच एका कुटुंबातील वृद्ध माउली अत्यवस्थ झाली होती. डॉक्टरांनी आशा सोडली होती. ती शुद्धीवर होती आणि फादरांची वाट पाहत होती. आम्ही तैलाची कुपी व ख्रिस्तप्रसाद बरोबर घेतला, धर्मग्रामातील एका तरुणाला सोबतीला घेतले आणि आमच्या जुन्या मोटारीने वाड्याच्या रस्त्याला लागलो. भिवंडी-वाडा रस्त्याची पावसाळ्यातील दशा ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचे वर्णन नको. कवाड मागे पडले. अनगावच्या अलीकडे पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात पुढचे डावे चाक आदळले आणि मोटार एका अंगावर कलली. टायरची बाजूच कापली गेली होती.

आम्ही डिकी उघडली. स्टेपनी जागेवर होती. परंतु तिच्यात हवा नव्हती. याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. तीन आठवड्यांपूर्वी शहापूरहून परतताना एक चाक पंक्चर झाले होते, तेव्हा चांगली स्टेपनी चढवून ते पंक्चर चाक आम्हीच डिकीत टाकले होते. पंक्चर काढून घ्यावयाचे आहे, हे आम्हांला रोज आठवत होते आणि रोज आम्ही ते काम उद्यावर ढकलीत होतो. मधल्या काळात त्या दुकानांवरून आम्ही वीस वेळा तरी गेलो असू.

अर्ध्या तासाने भिवंडीकडे जाणारा एक रिकामा टेंपो थांबला. चालक बोलण्यावरून भिवंडीकडचा कोकणी मुसलमान वाटला. त्याचे चाक आमच्या मोटारीला बसणारे नव्हते. त्याने आमचा झगा पाहिला, एवढ्या रात्री कुठे निघालात म्हणून विचारले, आणि कारण कळताच म्हणाला, “फादर, गाडी राहू द्या इथंच. आधी तुम्हांला पोचवतो, चाकाचं मागाहून बघू.” आम्ही म्हणालो, “नको भाई, तुम्हांला उगाच उलटा फेरा पडेल. एवढं चाक दुकानापर्यंत नेलंत तरी पुष्कळ झालं.” तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला. मग त्याने मुकाट्याने चाक उचलले आणि आमच्या सोबतच्या तरुणाला शेजारी बसवून तो निघून गेला.

दुकान मिटलेले होते. आत झोपलेल्या कारागिराला त्याने उठवले. ट्यूब बाहेर काढून पाण्यात बुडवणे, बुडबुडे कुठून येतात ते पाहणे, ती जागा कानशीने खरवडणे, सोल्युशन लावून ते सुकू देणे आणि मग ठिगळ चिकटवणे, हे सारे सावकाशीचे काम आहे. देवाला भिऊन करणारा कारागीर ते घाईने करीत नाही. ते आटोपल्यावर टेंपोवाला पुन्हा उलटा आला आणि त्याने चाक आणून दिले. म्हणजे जो फेरा आम्ही त्याला नको म्हणत होतो तो त्याला पडलाच. त्याने पैसे घेतले नाहीत.

आम्ही वाडीवर पोहोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. माउलीने बाराच्या सुमारास प्राण सोडला होता. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग हा जिवंतांसाठीचा संस्कार आहे. तेव्हा मृतांसाठीच्या प्रार्थना म्हणण्यापलीकडे आम्हांला काही करता आले नाही. प्रार्थना आटोपल्यावर थोरला मुलगा म्हणाला, “फादर, आई म्हणत होती, पाऊस फार आहे, फादरांना त्रास होईल.” आम्ही मान डोलावली. आमचा अपराध पावसाने आपल्या अंगावर घेतला आणि आम्ही तो घेऊ दिला.

पुढे एका ज्येष्ठ धर्मगुरूंपाशी आम्ही हे बोललो, तेव्हा त्यांनी आमचे सांत्वन केले. देवाची दया काही मोटारीच्या चाकांवरून येत नाही. जी वाट पाहत होती तिला तिच्या इच्छेचे फळ मिळाल्यावाचून राहिले नसेल, असे ते म्हणाले. हे खरे आहे आणि आमचा त्यावर विश्वास आहे. परंतु हे सत्य त्या माउलीच्या लेकरांच्या समाधानासाठी आहे. आमच्या बचावासाठी ते वापरता येत नाही. देव आमची चूक भरून काढतो म्हणून ती चूक राहत नाही, असे होत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जादा चाक बाळगणे हा केवळ सोयीचा भाग आहे, की ते कर्तव्य आहे? आणि ज्याचा देवावर भरवसा आहे त्याने उद्याची तरतूद किती करावी?

स्टेपनी हा शब्द आपल्याकडे घराघरांत रुळला आहे, पण त्याचा जन्म फार दूरचा आहे. हवा भरलेला टायर बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तयार केला. त्याने प्रवास सुखाचा झाला, पण त्याबरोबर पंक्चरही आले. लाकडाच्या किंवा भरीव रबराच्या चाकाला हे दुखणे नव्हते. सुरुवातीच्या मोटारींत जादा चाक नसे. खिळा लागला की धन्याने किंवा चालकाने रस्त्यातच बसून टायर उतरवायचा आणि ठिगळ लावायचे. मग १९०४च्या सुमारास वेल्समधील लानेली या गावी, स्टेपनी स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर, डेव्हिस बंधूंनी एक युक्ती काढली. आरे नसलेल्या धावेवर हवा भरलेला टायर तयार ठेवायचा आणि पंक्चर झालेल्या चाकाला तो पकडींनी घट्ट बसवून घर गाठायचे. त्या रस्त्याचे नाव त्या चाकाला मिळाले, चाकाबरोबर ते हिंदुस्थानात आले आणि इथेच राहिले. सांगायचा मुद्दा हा, की सुखाचे नवे साधन माणसाच्या हाती आले की त्याच्याबरोबर नवी जबाबदारीही येते. हवेवर चालायचे तर हवा जाईल हे धरूनच चालावे लागते.

परंतु शुभवर्तमान उघडले की आपण बुचकळ्यात पडतो. प्रभू येशूने शिष्यांना प्रचारासाठी पाठवले तेव्हा झोळी, पैसा, दुसरा अंगरखा असे काहीच बरोबर घेऊ नका अशी आज्ञा केली. म्हणजे स्टेपनी नकोच! उलट दहा कुमारींच्या दाखल्यात ज्यांनी दिव्यांबरोबर कुप्यांतून जादा तेल आणले त्या शहाण्या ठरल्या आणि ज्यांनी ते आणले नाही त्यांना दार बंद झाले. आणि लूकच्या शुभवर्तमानात, दुःखसहनाच्या आदल्या रात्री, तोच प्रभू शिष्यांना पूर्वीच्या त्या रित्या प्रवासाची आठवण देतो आणि आता ज्याच्यापाशी पिशवी व झोळी असेल त्याने ती घ्यावी असे सांगतो. मग यांतले कोणते खरे?

आम्ही यावर बराच विचार केला आणि आम्हांला असे वाटते, की ‘नसण्याचा भार कोणावर पडतो’ हे पाहिले की गाठ सुटते. शिष्य झोळीविना निघाले तेव्हा उपाशी राहण्याचा धोका त्यांचा स्वतःचा होता. आणि ज्या घरी ते जात त्या घराला आतिथ्याचे पुण्य लाभत होते. आपल्या अंगावर उणेपणा घेणे हे दारिद्र्यव्रत आहे, त्यात शोभा आहे. परंतु आम्ही हवा नसलेली स्टेपनी घेऊन निघालो तेव्हा उपाशी कोण राहिले? आम्ही घरी येऊन चहा घेतला. जी वाट पाहत होती ती रिकामी गेली. स्वतःच्या वाट्याचे सोडून देणे हा त्याग होय. दुसऱ्याच्या वाट्याचे आपल्या हातून सुटणे याला त्याग म्हणत नाहीत. ज्याच्या प्रवासाच्या टोकाला कोणी वाट पाहत आहे, मग ते आजारी माणूस असो, शाळेच्या फाटकाशी उभे असलेले मूल असो की प्रसूतीला निघालेली शेजारीण असो, त्याच्या मोटारीतील जादा चाक हे त्याच्या एकट्याच्या मालकीचे नसते.

संत थॉमस अक्वायनस यांनी दूरदृष्टी हा विवेकाचा मुख्य भाग मानला आहे आणि निष्काळजीपणाला विवेकाविरुद्धचा दोष म्हटले आहे. सेमिनरीत आम्ही हे पाठ केले होते. पण तेच महात्मे उद्याची अवाजवी चिंता हाही दोषच मानतात. पाच वर्षांत न लागणाऱ्या वस्तूंनी घर भरून टाकणारा आणि तीन आठवडे पंक्चर न काढणारा, हे दोघेही एकाच पारड्यात बसतात. एकाचा आजवर विश्वास नाही, दुसरा आजचे काम उद्याच्या गळ्यात घालतो. आमचा ‘उद्या’ हा देवावरील भरवसा नव्हता. तो आळस होता. त्याने भरवशाचा अंगरखा तेवढा घातला होता.

भल्या शोमरोनीचा दाखला आपण कितीदा तरी ऐकला आहे. त्याच्या दयेचे आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण त्याच्यापाशी तेल होते, द्राक्षारस होता, बसवून न्यायला जनावर होते आणि धर्मशाळेच्या धन्याला द्यायला दोन नाणीही होती, याकडे आपले लक्ष जात नाही. तो आपल्यापुरतेच घेऊन निघाला असता तर त्याला हळहळण्यापलीकडे काय करता आले असते? दयाळू मन ही देवाची देणगी आहे; परंतु त्या दयेचा हात पुढे व्हावा म्हणून कोणीतरी आदल्या दिवशी कुपी भरून ठेवावी लागते. जादा बाळगणे याचा खरा अर्थ येथे कळतो. ज्याच्यापाशी स्वतःपुरतेच आहे तो दुसऱ्यासाठी थांबू शकत नाही.

येथे कोणी विचारील, की फादर, हे सारे ज्याला परवडते त्याच्यासाठी झाले. प्रश्न रास्त आहे. भिवंडीच्या गोदामांपाशी ज्या मालमोटारी उभ्या असतात त्यांतील कित्येकांचे टायर पुन्हा पुन्हा रिमोल्ड केलेले असतात. मोटारगाडीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी खोल राहू नये असा नियम आहे. परंतु टायर कधी बदलायचा हे चालक ठरवीत नाही, मालक ठरवतो, आणि मालकाला भाड्याची स्पर्धा ठरवायला लावते. झिजल्या चाकावर तापलेल्या सिमेंटच्या रस्त्याने धावणे हा त्या चालकाचा निष्काळजीपणा नव्हे. यंत्रमाग बंद पडले की ज्याच्या घरी आठवड्याचेही धान्य नसते त्या कामगाराला आपण दूरदृष्टीचे प्रवचन देऊ नये. ज्याला जादा चाक घेता येत नाही त्याची स्टेपनी त्याचा शेजारी असतो. आमच्या धर्मग्रामांतील संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद महिन्याच्या अखेरीस कोणाच्या घरी पिशवी पोचवतात तेव्हा ते दुसरे काय करतात? दोष आमच्यासारख्यांचा, ज्यांच्या खिशात पंक्चरचे पैसे होते आणि वाटेवर वीस वेळा दुकानही होते.

आता काळ बदलला आहे. जुन्या बजाज चेतक स्कूटरच्या पाठीवर जादा चाक असे. २०२० साली त्याच नावाची विजेवर चालणारी स्कूटर आली, तिला ते नाही. मोटारींतही तसेच होऊ लागले आहे. त्याच वर्षी केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि ज्या लहान मोटारींत ट्यूबलेस टायर, टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा व पंक्चर दुरुस्तीचा संच असेल त्यांना जादा चाक न ठेवण्याची मुभा मिळाली. वजन कमी होते, बॅटरीला किंवा सामानाला जागा मिळते. ट्यूबलेस टायरमधून हवा हळूहळू जाते. खिळा उपसून, भोक साफ करून, डिंक लावलेली वात आत खुपसली की काम भागते. याला आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु हा संच टायरच्या नक्षीतील लहान भोकापुरता असतो. आमच्यासारखी टायरची बाजू कापली गेली तर तो निरुपयोगी ठरतो. शिवाय पंक्चर नेहमी आपल्याच चुकीने होते असेही नाही. २०२५च्या सप्टेंबरमध्ये समृद्धी महामार्गावर छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात, पुलावरील भेगा भरण्याच्या कामासाठी बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांवरून गेल्याने काही मोटारींची चाके रात्रीच्या वेळी पंक्चर झाली. त्या प्रवाशांनी काय अपराध केला होता? म्हणून ज्याच्या मोटारीत जादा चाक नाही त्याने निघण्यापूर्वी एवढे तरी स्वतःला विचारावे, की रात्री, पावसात, फोन लागत नसलेल्या ठिकाणी हवा गेली तर माझा भार कोणावर पडेल? उत्तर ठाऊक असेल तर त्याने खुशाल जावे.

आणि ज्याच्या मोटारीत ते आहे त्याने आणखी एक विचारावे. न वापरलेल्या स्टेपनीतूनही हवा हळूहळू जात असते. डिकीत चाक आहे हे ठाऊक असणे वेगळे आणि त्यात हवा आहे हे तपासलेले असणे वेगळे. आम्हांला आमच्या चाकात हवा नाही हे ठाऊक होते. पुष्कळांना ते ठाऊकही नसते. लहानपणी पाठ केलेल्या प्रार्थना, भावाभावांतील जुना जिव्हाळा, गरजेला उपयोगी पडेल म्हणून धरून ठेवलेली मैत्री, यांना अनेक वर्षांत कोणी अंगठा दाबून पाहिलेले नसते. संकटाच्या रात्री डिकी उघडायची आणि मग पाहायचे, असा आपला परिपाठ आहे. तहान लागल्यावर विहीर खणणे यालाच म्हणतात.

एवढे सगळे लिहिले, तरी आमच्या मनाला जे अधिक टोचते ते वेगळेच आहे. पंक्चर न काढणे हा आमचा पहिला दोष. परंतु तो दोष घडल्यानंतरही ती माउली आम्हांला भेटली असती. पावणेअकराला टेंपोवाला आमच्यापुढे उभा होता, अर्ध्या तासात तो आम्हांला पोचवणार होता, आणि आम्ही त्याला नको म्हणालो. का म्हणालो? त्याला फेरा पडेल, हे आम्ही तोंडाने बोललो. आत काय होते? रस्त्यात टाकलेल्या मोटारीची काळजी होती. अनोळखी माणसाचे एवढे मोठे उपकार घेण्याचा संकोच होता. आपली अडचण आपणच निस्तरावी, चाक बसवावे आणि आपल्या मोटारीने आपण पोहोचावे, हा अभिमान होता. ज्या गावाने १९७० आणि १९८४ साली माणसामाणसांतील विश्वासाचे धिंडवडे पाहिले, त्या गावातील एक मुसलमान चालक मध्यरात्रीच्या पावसात एका ख्रिस्ती धर्मगुरूला ख्रिस्ती मरणशय्येशी नेण्यास निघाला होता, आणि धर्मगुरू चाकाची चिंता करीत होता. त्या रात्री आमच्यापेक्षा त्यालाच प्रसंगाची निकड अधिक कळली होती.

झोळीविना पाठवलेल्या शिष्यांची आज्ञा आम्हांला तेव्हा खरी उमगली. रित्या हाताने निघणाऱ्याला एक गोष्ट आली पाहिजे, ती म्हणजे दुसऱ्याने दिलेले घेणे. कोणी दार उघडले तर आत जाणे, पुढे ठेवले ते खाणे. तरतूद असेल तोवर ती दुसऱ्यासाठी वापरावी, आणि तरतूद संपली की दुसऱ्याचा हात धरावा. या दोन्ही गोष्टी एकाच शहाणपणाच्या बाजू आहेत. ज्याला देणे येते पण घेणे येत नाही, त्याच्या देण्यातही कुठेतरी अहंकाराची कणी असते.

माउलीच्या महिन्याच्या मिस्सेनंतर आम्ही तिच्या थोरल्या मुलाला बाजूला बोलावले आणि सारे सांगितले. पाऊस नव्हता, हवा नसलेली स्टेपनी होती. टेंपोवाला न्यायला तयार होता, आम्ही गेलो नाही. तो ऐकत राहिला. “झालं ते झालं, फादर,” असे तो म्हणेल अशी आमची अपेक्षा होती. तो तसे म्हणाला नाही. बराच वेळ खाली पाहत उभा राहिला. मग आम्ही निघालो तसा तो मोटारीपर्यंत आला, त्याने डिकी उघडावयास सांगितले, वाकून स्टेपनी अंगठ्याने दोन ठिकाणी दाबून पाहिली आणि म्हणाला, “आता हवा आहे.” एवढे बोलून त्याने डिकी लावली आणि आमचा हात हातात घेतला.

त्या दिवसापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही हवा तपासून घेतो. वाचकहो, आपणही घ्यावी. आणि इतके करूनही एखाद्या रात्री चाक बसले आणि कोणी थांबून ‘चला, पोचवतो’ म्हणाले, तर मोटार तिथेच सोडून त्याच्याबरोबर जावे.